विवाहाची पात्रता कोणी ठरवावी?

काही वर्षांपूर्वी एका मेळाव्यात कुटुंबव्यवस्थेवर बोलताना मी जपानचे उदाहरण दिले होते. तेथील तरुण-तरुणी विवाह करीत नाहीत, पाळणे रिकामे आहेत, वृद्ध माणसे बंद दाराआड एकटी मरतात. ज्या समाजाने भोगालाच जीवनाचे ध्येय मानले त्याची अशीच गत होते, असा माझ्या बोलण्याचा एकंदर सूर होता. श्रोत्यांनी माना डोलावल्या. अशा विधानांना माना डोलतातच. नागोया शहराजवळच्या एका कारखान्यात पाच वर्षे काम करून नुकताच परतलेला माझा भाचा त्या मेळाव्याला आला होता. रात्री घरी जेवताना तो म्हणाला, "मामू, तुम्ही सांगितलेले आकडे खरे आहेत, पण कारण खरं नाही. तिथली माणसं ऐश करायला एकटी राहिलेली नाहीत. माझ्या शेजारी काम करणारा माणूस बेचाळीस वर्षांचा होता. रात्री साडेनऊला खोलीवर जायचा, दुकानातून आणलेला डब्यातला भात गरम करून खायचा आणि झोपायचा. त्याला कसला भोग म्हणायचं?"

मला तेव्हा राग आला, हे कबूल केले पाहिजे. परंतु नंतर जसजसे या विषयावरचे वाचन होत गेले तसतसे भाच्याचे म्हणणे पटू लागले. एखाद्या लोकसमूहाच्या दुःखाचे खोटे कारण सांगणे ही साधी चूक नव्हे. ज्याला आपण बोहतान म्हणतो, त्याच्या ती फार जवळ जाते. म्हणून तोच विषय येथे पुन्हा, या वेळी अधिक सावधपणे, मांडत आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जपानमध्ये १९७२ साली सुमारे ११ लाख विवाह नोंदले गेले होते. २०२३ साली ही संख्या ४ लाख ७४ हजारांवर आली. १९७३ साली सुमारे २० लाख ९० हजार बालके जन्मली. २०२४ साली ६ लाख ८६ हजार. १८९९ पासून ठेवल्या गेलेल्या नोंदींतील हा तोवरचा नीचांक होता. पन्नाशीपर्यंत एकदाही विवाह न झालेल्यांचे प्रमाण १९७० साली पुरुषांत शेकडा २ च्याही आत आणि स्त्रियांत शेकडा ३ च्या आसपास होते. २०२० साली ते पुरुषांत शेकडा २८ आणि स्त्रियांत शेकडा १८ झाले. म्हणजे जेथे दोन पिढ्यांपूर्वी अविवाहित माणूस हा अपवाद होता, तेथे आज दर चार पुरुषांमागे एकाहून अधिक जण त्या अवस्थेत वृद्धत्वाकडे चालला आहे.

आता नैतिक अधःपतनाचे स्पष्टीकरण या वस्तुस्थितीवर लावून पाहावे. विवाहसंस्थेवरचा विश्वास उडाला असता तर विवाहाविना संतती वाढली असती. फ्रान्समध्ये निम्म्याहून अधिक मुले विवाहाबाहेर जन्मतात. जपानमध्ये हे प्रमाण शेकडा २ च्या आसपासच आहे. स्वैराचार वाढला असता तर एकट्या माणसांच्या आयुष्यात कोणी ना कोणी असते. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १८ ते ३४ या वयोगटातील अविवाहितांपैकी शेकडा ७२ पुरुषांनी आणि ६४ स्त्रियांनी आपला कोणाशीही तसा संबंध नसल्याचे सांगितले. त्याच पाहणीत शेकडा ८० हून अधिक तरुण-तरुणींनी 'आज ना उद्या विवाह करायचा आहे' असे उत्तर दिले. कधीच विवाह करायचा नाही असे म्हणणारे वाढत आहेत हे खरे, पण ते अजून शेकडा १५ ते १७ च आहेत. ज्यांना विवाह हवा आहे अशांचा हा समाज आहे, आणि तरीही विवाह होत नाहीत. भोगवादाच्या एका शब्दाने हे कोडे सुटत नाही.

कोडे आणखी गडद व्हावे अशी एक गोष्ट आहे. जपानमध्ये कायद्याने विवाह करणे जगातील बहुतेक देशांपेक्षा सोपे आहे. एक छापील अर्ज भरायचा, त्यावर दोन प्रौढ साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि नगरपालिकेच्या खिडकीवर द्यायचा. शुल्क नाही, समारंभाची सक्ती नाही, रात्री-अपरात्रीही अर्ज स्वीकारला जातो. दोघांची संमती आणि दोन साक्षीदार! ही अट वाचताना आपल्या वाचकांना आपला निकाह आठवल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा कायद्याचे दार तर सताड उघडे आहे. मग माणसे बाहेर का उभी आहेत?

याचे उत्तर शोधताना थोडे मागे जावे लागते. १८९८ च्या नागरी संहितेने जपानी कुटुंबाला 'इए' या घराण्याच्या चौकटीत बसवले होते. घराण्याला एक प्रमुख असे, त्याच्या संमतीशिवाय विवाह होत नसे, सून ही मुलाची पत्नी असण्याआधी घराण्याची सून असे. युद्धानंतर, १९४७ साली, ही व्यवस्था कायद्यातून काढून टाकण्यात आली. नव्या संविधानाच्या २४ व्या कलमाने विवाह केवळ दोघांच्या परस्पर संमतीवर आधारला. या कलमाचा पहिला मसुदा बेआटे सिरोटा नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणीने लिहिला होता. तिचे बालपण टोकियोत गेले होते आणि मनाविरुद्ध सासरी धाडलेल्या मुलींची व्यथा तिला ठाऊक होती.

कायदा एका रात्रीत बदलला तरी रीत बदलायला वेळ लागला. 'नाकोदो', म्हणजे मध्यस्थ, दोन घरांची गाठ घालून देई; 'मिआई', म्हणजे रीतसर भेट, होई; मग पुढचे ठरे. युद्धापूर्वी दहांपैकी सुमारे सात विवाह असे जुळत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या पसंतीने झालेल्या विवाहांची संख्या त्यांच्या पुढे गेली. वरवर पाहता मध्यस्थाचे युग संपले. परंतु लोकसंख्येच्या अभ्यासकांनी बारकाईने पाहिले तेव्हा निराळेच आढळले. या पसंतीच्या विवाहांतील फार मोठा भाग एकाच कार्यालयात, एकाच कंपनीत काम करणाऱ्यांचा होता. कंपन्या तरुण मुलींना कारकुनी कामावर घेत आणि चार-सहा वर्षांत त्या आपल्याच सहकाऱ्याशी विवाह करून नोकरी सोडतील असे गृहीत धरीत. साहेब मंडळी ओळखी करून देत आणि लग्नात मानाच्या जागी बसत. नाकोदो नाहीसा झालाच नव्हता, त्याने फक्त कंपनीचा पोशाख चढवला होता.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. विवाह होताच स्त्रीने राजीनामा द्यावा असे काही ठिकाणी नियमच होते, आणि १९६६ साली टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने असा नियम बेकायदा ठरवेपर्यंत ते उघडपणे चालत होते. संसारात दुःखी असलेल्या स्त्रीला परत फिरायला वाटच नव्हती. पण एक गोष्ट मान्य करावी लागते की लाजाळू, अबोल, रूपाने साधारण अशा माणसाचाही विवाह होत असे, कारण तो जुळवून देणे हे कोणाचे तरी काम होते.

१९९१ नंतर जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला आणि कंपन्यांनी आपले हात आखडते घेतले. त्यांनी कायम नोकऱ्या कमी केल्या आणि कंत्राटी, तात्पुरती माणसे घ्यायला सुरुवात केली. १९९० च्या सुमारास पाचांत एक कामगार असा होता, आज तीनांत एकाहून अधिक आहेत. नेमकी त्याच वेळी शिक्षण संपवून बाहेर पडलेली पिढी कायमच्या नोकरीला मुकली, आणि जी एकदा मुकली तिला पुन्हा आत घेण्याची तेथील कंपन्यांची रीत नव्हती. समाजाची अपेक्षा मात्र जुनीच राहिली. पुरुषाने कायम नोकरीत असावे, एकट्याच्या पगारावर घर चालवावे, मगच त्याने विवाहाचे नाव काढावे. तिशीच्या पुरुषांत कायम नोकरी असणाऱ्यांच्या तुलनेत कंत्राटी कामगारांत विवाहितांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी भरते. भाच्याचा तो सहकारी याच पिढीतला, दर काही महिन्यांनी करार नवा करावा लागणारा. कोणी त्याला विवाहाबद्दल विचारले की तो हसून म्हणे, "ते आमच्यासारख्यांचं काम नव्हे."

हे वाक्य कोणत्या कायद्यात लिहिलेले नाही, कोणी वडीलधाऱ्याने त्याला ऐकवलेले नाही. तरीही त्याने स्वतःला अपात्र ठरवून टाकले होते.

स्त्रियांची बाजू निराळी आहे आणि ती ऐकून घेतल्याशिवाय त्यांना स्वार्थी म्हणणे अन्यायाचे होईल. २०२१ च्या सरकारी पाहणीनुसार सहा वर्षांखालील मूल असलेल्या घरात पत्नी दिवसाकाठी साडेसात तास घरकाम व बालसंगोपन करते आणि पती दोन तासांहून थोडे कमी. पित्यांना रजेचा हक्क आहे, पण दशकापूर्वीपर्यंत शंभरात दोन-तीन जणही तो वापरीत नसत. २०२३ साली हे प्रमाण ३० वर गेले, ही चांगली खूण. पती-पत्नीचे आडनाव एकच असावे अशी कायद्याची सक्ती आहे आणि शंभरांपैकी सुमारे ९५ विवाहांत आडनाव बदलते ते पत्नीचेच. सासू-सासऱ्यांची अखेरची सेवा हेही सुनेचे कर्तव्य समजले जाई. २००० साली सरकारने वृद्ध-शुश्रूषेचा विमा सुरू केला तो हे ओझे एकट्या सुनेला पेलवेनासे झाले म्हणूनच. अलीकडे तेथे पतीच्या मृत्यूनंतर सासरच्या मंडळींशी असलेले नाते संपुष्टात आणण्याचा एक अर्ज बऱ्याच विधवा भरू लागल्या आहेत. लोकांनी त्याला 'मृत्यूपश्चातचा घटस्फोट' असे नाव दिले आहे. हे नाव ऐकून आपल्याला धक्का बसतो. पण ज्या विधवेने तो अर्ज भरला तिने तीस वर्षे काय सोसले असेल, हा प्रश्नही त्याच धक्क्यासरशी आपल्या मनात यायला हवा. आणि जी तरुण मुलगी आपल्या आईला हा अर्ज भरताना पाहते, ती विवाहाला भिऊ लागली तर तिला काय सांगावे? त्यात घटस्फोटाचे भय निराळेच, कारण एकल पालकांच्या कुटुंबांपैकी जवळपास निम्मी कुटुंबे सापेक्ष दारिद्र्यात आहेत आणि त्यांतील बहुसंख्य माता नोकरी करूनही तेथेच आहेत.

आता मी मूळ नैतिक प्रश्नाकडे येतो. तो एका जपानी शब्दाभोवती फिरतो असे मला वाटते. 'मेइवाकु' म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला होणारा त्रास, अडचण, भार. आपला कोणाला मेइवाकु होऊ नये हे जपानी मुलाला अगदी लहानपणापासून शिकवले जाते. रेल्वेत कोणी मोठ्याने बोलत नाही, कचरा कोणी शेजाऱ्याच्या दारात टाकत नाही, ते यामुळेच. हा सद्गुण आहे, आपण तो शिकावा असा सद्गुण आहे. पण हाच सद्गुण माणसाच्या साऱ्या आयुष्याचे माप झाला की काय होते ते पाहण्यासारखे आहे. तुटपुंज्या पगाराचा पुरुष म्हणतो की माझ्या गरिबीचा भार कोणा स्त्रीवर का टाकू. ती स्त्री म्हणते की माझ्या म्हाताऱ्या आईचा भार मी त्याच्यावर का टाकू. वृद्ध पिता मुलाला फोन करीत नाही, कारण मुलगा कामात असतो. शेजारी दार ठोठावत नाही, कारण कोणाच्या खासगी आयुष्यात डोकावणे असभ्य. यांतला प्रत्येक जण चांगलाच वागत असतो.

या चांगुलपणाचा शेवट काय होतो ते जपानच्या पोलीस खात्याने मोजले आहे. २०२४ साली ७६,०२० माणसे आपल्या घरी एकटी असताना मृत आढळली. त्यांतील ५८,०४४ जण ६५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे होते. साडेचार हजारांहून अधिक मृतदेहांचा पत्ता महिना उलटून गेल्यावर लागला. अशा एकाकी मृत्यूला तेथे 'कोदोकुशी' म्हणतात. २०१० साली एनएचके या राष्ट्रीय दूरचित्रवाणीने या विषयावर कार्यक्रम केला तेव्हा 'मुएन शाकाई', म्हणजे नातेसंबंध तुटलेला समाज, हा शब्दप्रयोग घरोघरी पोचला. २०२१ साली सरकारने एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला, आणि २०२४ पासून त्याबाबतचा कायदाही अमलात आला.

तेव्हा प्रश्न असा की दुसऱ्यावर भार होणे हे खरोखर वाईट आहे काय? माझे मत असे की माणूस जन्मतो तोच भार होऊन आणि बहुधा जातोही तसाच. मधल्या काही वर्षांत त्याला आपण कोणावर अवलंबून नाही असा भास होतो. त्या काही वर्षांच्या भासावरून विवाहाची पात्रता ठरवली, की ज्याला आधाराची सर्वाधिक गरज आहे तोच आधी वगळला जातो. आजारी, गरीब, घरी अंथरुणाला खिळलेली आई असलेला, अशी ही यादी पुढे पुढे वाढत जाते. जो कोणाच्याच आधाराशिवाय उत्तम जगू शकतो तोच विवाहाला पात्र, असे म्हणण्यासारखेच ते होय.

यावर एक रास्त आक्षेप आहे. काही माणसांना एकटेपण मनापासून आवडते, त्यांच्यावर विवाह का लादावा? लादू नयेच. मिआईच्या काळात मनाविरुद्ध बोहल्यावर चढलेल्या मुलींची आठवण ठेवूनच मी हे लिहीत आहे. 'नाही' म्हणण्याचा हक्क मोठ्या कष्टाने मिळाला आहे आणि तो राहिलाच पाहिजे. पण 'हो' म्हणण्याची वाट ज्याच्यासाठी बंद झाली त्याच्या एकटेपणाला आपण निवड म्हणू लागलो, तर ती आपली पळवाट होते. पाहणीत 'विवाह करायचा आहे' असे सांगून पन्नाशीला एकटा राहिलेला माणूस हा आपल्या स्वातंत्र्याचा उपभोग घेत आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

राज्यसंस्था स्वस्थ बसलेली नाही. २०२३ साली बालके व कुटुंबांसाठी स्वतंत्र विभाग निघाला, भत्ते वाढले. समाजशास्त्रज्ञ मासाहिरो यामादा यांनी नोकरी शोधण्याच्या शब्दावरून 'कोन्कात्सु', म्हणजे विवाहासाठीची खटपट, हा शब्द रूढ केला होता. आता खुद्द सरकारेच ती खटपट करतात. टोकियो महानगर शासनाने २०२४ साली स्थळे जुळवणारे स्वतःचे अ‍ॅप सुरू केले. त्यात नाव नोंदवायला आपण अविवाहित असल्याचा दाखला द्यावा लागतो. फसवणूक टाळण्यासाठी ते योग्यच. त्याबरोबर वार्षिक उत्पन्नाचा पुरावाही द्यावा लागतो! त्यामागचा हेतूही शुद्धच असेल. पण भाच्याच्या त्या सहकाऱ्याने हा रकाना पाहून काय केले असते ते मला ठाऊक आहे.

आणि येथे मला माझ्याचकडे वळावे लागते. आमच्या वस्तीत स्थळे सुचवण्याचे काम काही वडीलधारी मंडळी करतात, त्यांत मीही बसतो. निकाहला संमती, साक्षीदार आणि मेहर यांपलीकडे फारसे काही लागत नाही हे आम्ही सगळेच भाषणांत सांगतो. बैठकीत मात्र मुलाचे नाव निघताच माझ्या तोंडून पहिला प्रश्न येतो तो, "कमावतो किती?" दुसरा, "घर स्वतःचं आहे का?" या प्रश्नांना उत्तर नसलेल्या मुलांचे कागद त्या फायलीत खाली खाली सरकत जातात. कोणी त्यांना नकार देत नाही, पुढच्या बैठकीत त्यांचे नाव निघत नाही एवढेच. आता भाच्याच्या सहकाऱ्यासाठी मी काय केले असते, हे वाचकांनी मला विचारू नये.

त्याची हकीकत मात्र पुढे सरकली. कारखान्याजवळच्या जेवणाच्या डब्यांच्या दुकानात काम करणारी एक स्त्री होती, घटस्फोटित, एका मुलीची आई. तो रोज रात्री तेथूनच भात घेई. एके दिवशी दुकान बंद होताना डबे संपले होते, तेव्हा तिने घरच्यासाठी ठेवलेल्यातला अर्धा त्याला दिला. वर्षभराने त्याने भाच्याला कारखान्याच्या फाटकापाशी गाठले. हातात नगरपालिकेचा तो छापील अर्ज होता. एक सही दुकानाच्या मालकिणीची झाली होती, दुसरा साक्षीदार हवा होता. त्याचे आईवडील हयात नव्हते, भावाशी बोलणे नव्हते, आणि ज्यांच्याबरोबर तो वीस वर्षे काम करीत होता त्यांच्यापैकी कोणाला विचारावे तर मेइवाकु होईल असे त्याला वाटत होते. परदेशी माणसाला विचारायला संकोच कमी वाटला असावा.

भाच्याने सायकलच्या बैठकीवर कागद ठेवून सही केली, जन्मतारीख आणि पत्ता लिहिला. साक्षीदाराच्या कुटुंबनोंदीचे मूळ ठिकाण कोणते, असा शेवटचा रकाना होता. तेथे काय लिहायचे ते त्या दोघांनाही कळेना. मग त्याने खिडकीवर जाऊन विचारून घेतले आणि तेथे 'भारत' असे लिहिले.